नंबर शंभर, पण लाइनी तीसच! ऑफिसच्या डीआयडी फोनबद्दल वाचकांचे प्रश्न

रिसेप्शनला न थांबता बाहेरचा फोन थेट हव्या त्या टेबलावर वाजणं म्हणजे डायरेक्ट इनवर्ड डायलिंग, आपल्या बोलीत डीआयडी. कारखाने, इस्पितळं, शाळा, पतसंस्था अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत तक्रार वेगवेगळी असली तरी मुळाशी गोष्ट एकच आहे: टेलिफोन कंपनीकडून ईपीएबीएक्सला, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणाऱ्या यंत्राला, नेमके कोणते अंक येतात, हे कुणी पाहिलेलंच नाही.

आमच्या कारखान्यात ६० एक्स्टेन्शन आहेत. कंपनीचा माणूस म्हणतो, एक पीआरआय (डिजिटल फोन जोडणी) घ्या, १०० नंबर मिळतील. एका केबलवर १०० नंबर येतात कसे? (सातपूर, नाशिक)

नंबर आणि लाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. घरच्या जुन्या लँडलाइनला एक जोडी तार आणि एक नंबर असायचा, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. पीआरआयमध्ये तसं नाही.

पीआरआय ज्या ई-वन जोडणीवर चालते, तिचा वेग सेकंदाला २.०४८ मेगाबिट असतो. त्याचे ६४ किलोबिटचे ३२ कप्पे पाडलेले असतात. शून्य क्रमांकाचा कप्पा दोन्ही टोकांचा ताल जुळवण्यासाठी, सोळावा निरोपांसाठी, आणि उरलेले ३० बोलण्यासाठी. या सोळाव्या कप्प्यालाच डी चॅनेल म्हणतात आणि डीआयडीचा सगळा खेळ तिथे चालतो. बाहेरून कुणी तुमच्या शंभरपैकी कुठलाही नंबर फिरवला, की एक्सचेंजला दिसतं की हा अख्खा गट याच पीआरआयवर पाठवायचा आहे. ते तीसपैकी एक मोकळा चॅनेल निवडतं आणि डी चॅनेलवरून ‘सेटअप’ नावाचा निरोप पाठवतं: अमुक चॅनेलवर कॉल येतोय, फिरवलेला नंबर हा, फिरवणाऱ्याचा नंबर हा. ईपीएबीएक्स फिरवलेल्या नंबराचे अंक आपल्या तक्त्यात शोधतो आणि ते एक्स्टेन्शन वाजवतो.

म्हणजे १०० नंबर ही फक्त शंभर नावांची यादी. एका वेळी बोलणार तीसच जण. एकतिसाव्या माणसाला, ज्याच्याशी बोलायचंय तो समोर रिकामा बसलेला असला तरी, एंगेज टोनच ऐकू येणार.

नंबरांचा गट घेताना एक काम आठवणीने करा. शक्य असेल तर शेवटचे तीन अंक आणि एक्स्टेन्शनचा नंबर एकच ठेवा. गट ४२०० ते ४२९९ असा असेल, तर एक्स्टेन्शन २०० ते २९९ ठेवावीत. मग तक्त्यात साठ वेगळ्या नोंदी कराव्या लागत नाहीत, ‘पुढचा ४ काढून टाक’ एवढा एक नियम पुरतो आणि लोकांच्याही लक्षात राहतं. मात्र शेवटचे तीन अंक ० किंवा ९ ने सुरू होणारा गट मिळाला, तर ही युक्ती चालत नाही. बहुतेक ठिकाणी बाहेरची लाइन घ्यायला ० किंवा ९ लावतात. एक्स्टेन्शन ९३५ ठेवलं, तर ९ दाबताक्षणी ईपीएबीएक्स बाहेरची लाइन देऊन मोकळा होतो. असा गट हातात आलाच तर दुसरा मागून घ्या. जोडणीआधी तो बदलणं सोपं असतं, व्हिजिटिंग कार्डं छापल्यावर फार अवघड.

आमच्याकडे साध्या तांब्याच्या १० लाइनी आहेत, हंटिंग चालू आहे. त्यावरच डीआयडी मिळेल का? (सांगली)

नाही. साध्या लाइनीवर एक्सचेंज फक्त रिंग पाठवतं. कॉल करणाऱ्याने कुठला नंबर फिरवला, हे त्या तारेवरून येतच नाही. हंटिंग म्हणजे पायलट, म्हणजे मुख्य नंबर एंगेज असला की पुढची मोकळी लाइन शोधणं, बाकी काही नाही. अमेरिकेत एके काळी अ‍ॅनालॉग डीआयडीच्या खास लाइनी असत. त्यांना वीज एक्सचेंजऐवजी ग्राहकाचा ईपीएबीएक्स पुरवायचा आणि एक्सचेंज त्यावर शेवटचे तीन-चार अंक पाठवायचं. तुमच्या लाइनी त्या प्रकारातल्या नाहीत.

तुमच्या लाइनीवर डीआयएसए किंवा ऑटो अटेंडंट चालेल: ‘नमस्कार, एक्स्टेन्शन नंबर दाबा’. फरक एवढाच की तिथे यंत्र फोन उचलतं. म्हणजे बोलणारा माणूस भेटला नाही तरी कॉल ‘उचलला’ असाच मोजला जातो. डीआयडीमध्ये टेबलावरचा माणूस फोन उचलेपर्यंत बाहेरच्याला खरी रिंगच ऐकू येते.

आमच्या इस्पितळात ८० एक्स्टेन्शन आहेत. तीस चॅनेल घ्यावेत की दहा पुरतील? (नागपूर)

एक्स्टेन्शन मोजू नका, सगळ्यात गर्दीच्या तासातले कॉल मोजा. तुमच्या ओपीडीच्या वेळेचा, समजा सकाळी १० ते ११ चा, आठवडाभराचा हिशेब ईपीएबीएक्सच्या कॉल रिपोर्टमधून काढा. येणारे आणि जाणारे दोन्ही धरा, कारण चॅनेल दोघांना मिळून असतात.

समजा त्या तासात ९० कॉल झाले आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा. ९० गुणिले ३ म्हणजे २७० मिनिटं, भागिले ६०, उत्तर साडेचार. याला साडेचार अर्लांग म्हणतात: त्या तासात सरासरी साडेचार चॅनेल सतत भरलेले. इथे बहुतेकांची चूक होते. सरासरी साडेचार, मग पाच चॅनेल पुरे, असं वाटतं. पण कॉल रांगेत शिस्तीने येत नाहीत, घोळक्याने येतात. साडेचार अर्लांगला पाच चॅनेल दिले तर जवळजवळ चारांतला एक कॉल एंगेजवर आपटतो. आठ दिले तर शंभरातले पाच, दहा दिले तर शंभरातला एक. इस्पितळासाठी शंभरात एक ही आमच्या मते कमाल मर्यादा, त्यामुळे या उदाहरणात दहा. कॉल तासाला २४० असतील तर वीस लागतील. पूर्ण तीस चॅनेलची पीआरआय त्याच हिशेबाने तासाला तीन-तीन मिनिटांचे सुमारे ४०० कॉल पेलते.

त्यात एक छुपा खर्च धरायला विसरू नका. डॉक्टरांच्या एक्स्टेन्शनवर आलेला कॉल त्यांच्या मोबाइलवर फॉरवर्ड केला, तर तो एक कॉल दोन चॅनेल अडवतो: एक आत येणारा, एक बाहेर जाणारा. दहा डॉक्टरांनी फॉरवर्ड लावला की दहा चॅनेलची पीआरआय पाच कॉलमध्ये भरते. कॉल रिपोर्टमध्ये हे दोन वेगळे कॉल म्हणून दिसतात, म्हणून नीट पाहा.

पीआरआय सुरू झाली, पण कुठलाही डीआयडी नंबर फिरवला तरी फोन ऑपरेटरकडेच जातो. टेलिफोन कंपनी म्हणते ईपीएबीएक्स बघा, ईपीएबीएक्सवाला म्हणतो कंपनीला विचारा. (कोल्हापूर)

सगळ्यात जास्त पत्रं याच त्रासाची आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना एकाच खोलीत बसवलं तर अर्ध्या तासात सुटणारी ही अडचण आहे.

ईपीएबीएक्सला लॅपटॉप जोडून डी चॅनेलचा ट्रेस, म्हणजे निरोपांची नोंद, सुरू करा. मोबाइलवरून एक डीआयडी फिरवा, समजा शेवटचे अंक ४२३५. पडद्यावर ओळी भराभर सरकतील. त्यातला पहिला ‘सेटअप’ शोधा आणि त्याखाली ‘कॉल्ड पार्टी नंबर’ ही ओळ. त्या ओळीत काय लिहिलंय, तेवढंच आपल्याला हवंय. तिथे ४२३५ असेल, किंवा पूर्ण सात अंक असतील, किंवा कोल्हापूरचा २३१ लागून दहा अंक असतील. ईपीएबीएक्सच्या तक्त्यात चार अंक भरलेत आणि एक्सचेंज दहा पाठवतंय, तर तक्त्यात काहीच जुळत नाही आणि न जुळलेला कॉल ऑपरेटरकडे टाकायचा, असा नियम आधीपासून भरलेला असतो. म्हणून सगळं ऑपरेटरकडे. उपाय दोनपैकी एक: कंपनीला लेखी कळवून चारच अंक पाठवायला सांगा, किंवा ईपीएबीएक्समध्ये पुढचे सहा अंक गाळायचा नियम घाला. आम्ही दुसरा उपाय सुचवू, कारण तो तुमच्या हातात राहतो.

कधी कधी ‘सेटअप’मध्ये अर्धेच अंक दिसतात, किंवा एकही दिसत नाही, आणि खालच्या ओळींत बाकीचे एकेक करून येतात. याला ओव्हरलॅप पद्धत म्हणतात. ईपीएबीएक्स ‘एन ब्लॉक’वर, म्हणजे सगळे अंक एकदम येतील अशा समजुतीवर ठेवला असेल, तर तो उरलेल्या अंकांची वाटच पाहत नाही. ट्रंकच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, सेटिंगमध्ये ओव्हरलॅप रिसीव्हिंग चालू करा.

कॉल ऑपरेटरकडेही न जाता तुटत असेल, तर शेवटच्या ओळींतला कॉज नंबर वाचा. १ म्हणजे असा नंबरच नाही, २८ म्हणजे अंक अपुरे किंवा चुकीच्या पद्धतीने आले, १७ म्हणजे समोरचा एंगेज, ३४ म्हणजे मोकळा चॅनेल नाही. कॉज १ तुमच्या ईपीएबीएक्सने पाठवला असेल, तर तक्ता दुरुस्त करा. डीआयडी फिरवूनही ट्रेसमध्ये एक ओळसुद्धा उमटली नाही, तर कॉल तुमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. म्हणजे एक्सचेंजमध्ये तो गट तुमच्या पीआरआयवर वळवायचा राहिलाय. तेव्हा त्या कोऱ्या ट्रेसचा फोटो वेळेसकट कंपनीला पाठवा. त्यानंतर कुणी ‘ईपीएबीएक्स बघा’ म्हणणार नाही.

पीआरआयच्या कार्डावर लाल दिवा आहे, केबल तर नवी आहे. (चाकण)

आरजे-४५ या केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये ई-वनसाठी पिन १-२ ही एक जोडी आणि ४-५ ही दुसरी. संगणकाच्या नेटवर्कची केबल १-२ आणि ३-६ वापरते, त्यामुळे नेटवर्कची क्रॉस केबल इथे उपयोगाची नाही. लाल दिवा असेल तर आधी जोड्या उलटून पाहा, म्हणजे एका टोकाची १-२ दुसऱ्या टोकाच्या ४-५ वर. दिवा हिरवा झाला पण कॉल होत नाहीत, तर दोन्ही टोकांचं सीआरसी-४ (चुका तपासण्याची पद्धत) सेटिंग सारखं आहे का ते तपासा.

दिवा हिरवा, कॉलही होतात, पण बोलताना मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि फॅक्स अर्धवट उतरतात? मग क्लॉक चुकलंय. ईपीएबीएक्सने ताल नेहमी टेलिफोन कंपनीकडून घ्यायचा असतो, स्वतःचा धरायचा नसतो. ट्रंक कार्डाचं क्लॉक ‘स्लेव्ह’ करा.

वीज गेली की आतले फोन चालतात, बाहेरचे बंद. ईपीएबीएक्सची बॅटरी नवी आहे. (लातूर)

कंपनीने भिंतीवर लावलेला मोडेम किंवा फायबरची पेटी साध्या सॉकेटवर आहे. तिला यूपीएसवर घ्या.

आम्ही पीआरआय सोडून एसआयपी ट्रंक घेतला. त्यानंतर येणारे कॉल बरोबर अर्ध्या मिनिटाने तुटतात, आणि काही कॉल तर लागतच नाहीत. (हिंजवडी, पुणे)

एसआयपीमध्ये नंबर इंटरनेट किंवा कंपनीच्या खास लिंकवरून ‘इन्व्हाइट’ या निरोपात येतो. अंक पाहायचे हे इथेही खरंच, पण दोन नव्या भानगडी असतात.

पहिली लिहिण्याच्या पद्धतीची. पीआरआयवर ४२३५ यायचं, आता +९१२० पासून पूर्ण नंबर येतो. अ‍ॅस्टेरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ईपीएबीएक्समध्ये ‘एक्स आणि टिंब’ हा सर्वसाधारण नमुना + चिन्हाशी जुळत नाही, कारण एक्स म्हणजे फक्त आकडा. + ने सुरू होणारा वेगळा नमुना लिहावा लागतो. शिवाय काही कंपन्या पहिल्या ओळीत पायलट नंबरच पाठवतात आणि खरा फिरवलेला नंबर ‘टू’ या ओळीत ठेवतात. तसं असेल तर सगळे डीआयडी एकाच ठिकाणी वाजतात. फ्रीपीबीएक्समध्ये यासाठी ‘फ्रॉम-पीएसटीएन-टूहेडर’ हा तयार कॉन्टेक्स्ट (नियमांचा संच) आहे, ट्रंकला तो लावा.

दुसरी भानगड अर्ध्या मिनिटाची. घड्याळ लावून पाहाल तर ते ३२ सेकंद भरतील. तुम्ही फोन उचलला की ईपीएबीएक्स ‘उचलला’ असा निरोप पाठवतो आणि त्याची पोच येण्याची वाट पाहतो. पोच कुठे पाठवायची, तो पत्ता त्या निरोपातच असतो. तिथे ऑफिसच्या आतला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता गेला, तर बाहेरून पोच येणार कुठून? ईपीएबीएक्स पुन्हा पुन्हा निरोप पाठवतो आणि ३२ सेकंदांनी कॉल सोडून देतो. ईपीएबीएक्समध्ये बाहेरचा पत्ता भरा आणि राउटरमधलं एसआयपी एएलजी (एसआयपी निरोपांतले पत्ते बदलणारी सोय) बंद करा. एकाच बाजूचा आवाज येण्याचं कारणही बहुधा हेच असतं. तेवढ्याने भागलं नाही, तर आवाजाचे पोर्ट फायरवॉलमध्ये अडलेत का ते पाहा. अ‍ॅस्टेरिस्कच्या नमुन्याच्या सेटिंगमध्ये ते १०,००० ते २०,००० असतात.

लिंक किती हवी, असंही तुम्ही विचारलंय. जी.७११ कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) एक कॉल प्रत्येक दिशेला सुमारे ८७ किलोबिट घेतो, म्हणजे ३० कॉलना सुमारे २.६ मेगाबिट. वेग फारसा लागत नाही, पण तेवढा राखीव मात्र हवा. त्याच लिंकवर कुणी मोठी फाइल चढवायला घेतली की आवाज तुटतो.

मी टेबलावरून फोन केला की समोरच्याला माझा डीआयडी न दिसता बोर्ड नंबर (ऑफिसचा मुख्य नंबर) दिसतो. आणि मिस्ड कॉलवर परत फोन लावला तर लागत नाही. (ठाणे)

दोन वेगळी कारणं आहेत. बाहेर जाणाऱ्या कॉलबरोबर तुमचा नंबर ईपीएबीएक्सने पाठवायचा असतो. त्याने नुसतं एक्स्टेन्शन पाठवलं किंवा तुमच्या गटाबाहेरचा नंबर पाठवला, तर एक्सचेंज तो फेकून पायलट नंबर लावतं. प्रत्येक एक्स्टेन्शनपुढे त्याचा पूर्ण डीआयडी भरून घ्या. तरीही बोर्ड नंबरच दिसला, तर कंपनीकडे तुमच्या गटाचे नंबर बाहेर दाखवण्याची परवानगी सुरू करायला सांगा.

मिस्ड कॉलचं असं आहे: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावणं सक्तीचं आहे. पण येणारा नंबर दहा अंकी दिसतो, शून्याशिवाय. तोच परत फिरवला की एक्सचेंज नाकारतं. ईपीएबीएक्समध्ये नियम घाला: ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर बाहेर जाताना पुढे ० लावायचा. बाहेरच्या लाइनीचा कोडही त्या परत-कॉलला आपोआप लागतोय ना, हे पाहा.

माणूस नोकरी सोडून गेला, त्याच्या डीआयडीचं काय करावं? आणि संध्याकाळी सहानंतर येणाऱ्या कॉलचं? (वाशी)

सोडून गेलेल्याचा नंबर लगेच दुसऱ्याला देऊ नका. निदान सहा महिने तो रिसेप्शनकडे वळवा आणि ऑपरेटरच्या फोनवर कुठल्या नंबरचा कॉल आहे ते नाव दिसेल असं करा. गिऱ्हाईक जुन्या कार्डावरूनच फोन करतं.

सहानंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. डीआयडी आला की बोर्ड नंबरची रात्रीची व्यवस्था त्याला लागू होत नाही. कॉल थेट टेबलावर जातो आणि अंधाऱ्या खोलीत वाजत राहतो. प्रत्येक डीआयडीला ‘उत्तर नाही’ फॉरवर्ड लावा. आपल्याकडची ट्रिंग-ट्रिंग साधारण तीन सेकंदांनी पुन्हा येते, म्हणून १८ सेकंद म्हणजे सहा वेळा. एवढं पुरे होतं. पुढे वॉचमनची केबिन किंवा व्हॉइसमेल.

व्हॉइसमेल लावलात तर त्याचा पिन १२३४ किंवा ०००० ठेवू नका. चोरटे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी डीआयडी ओळीने फिरवत जातात, सोपा पिन असलेली पेटी शोधतात, तिथून बाहेरची लाइन मिळवतात आणि परदेशात तासन् तास कॉल लावतात. बिल तुमच्या नावावर येतं. व्हॉइसमेल आणि डीआयएसएवरून बाहेर जाणारे कॉल बंदच ठेवा आणि आयएसडी ज्यांना लागते त्या दोन-तीन एक्स्टेन्शनपुरतीच चालू करा.

जर्मनीतल्या एका ग्राहकाच्या कार्डावर नंबराच्या शेवटी ‘-०’ आहे आणि त्यांच्या अभियंत्याच्या कार्डावर ‘-२३४’. आधी मुख्य नंबर लावून मग २३४ दाबायचं का? (इचलकरंजी)

नाही, सलग फिरवा. ती आडवी रेघ फक्त वाचण्यासाठी आहे. जर्मनीत याला डुर्शवाल म्हणतात. मुख्य नंबराच्या शेपटीला एक्स्टेन्शन जोडलं की तोच पूर्ण नंबर झाला आणि शेपटीला ० म्हणजे रिसेप्शन. अभियंत्याला फोन करताना तो ० गाळून त्याच्या जागी २३४ लावायचं. ० ठेवून पुढे २३४ फिरवलंत, तर बहुधा रिसेप्शनच उचलेल.

कंपनी बदलायची आहे. आमचे १०० डीआयडी नंबर नव्या कंपनीकडे नेता येतील का? (छत्रपती संभाजीनगर)

मोबाइलला नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, लँडलाइनच्या नंबरांना ती सोय नाही. डीआयडी लँडलाइनच्या गटातलेच असतात, त्यामुळे नवी कंपनी नवा गट देईल. म्हणून जुनी पीआरआय लगेच बंद करू नका. चॅनेल कमीत कमी करून ती चालू ठेवा आणि ईपीएबीएक्समध्ये दोन्ही गटांचे अंक त्याच एक्स्टेन्शनला जोडा: जुना ४२३५ आणि नवा ७८३५, दोन्ही २३५ वर. बाहेर जाणारे सगळे कॉल नव्या ट्रंकवरून सोडा, म्हणजे लोकांच्या मोबाइलमध्ये नवा नंबर आपोआप उतरतो. दर महिन्याला कॉल रिपोर्टमध्ये जुन्या ट्रंकवर किती कॉल आले ते पाहा आणि त्यावर अजून फोन करणाऱ्यांना स्वतः फोन करून नवा नंबर द्या. दोन ट्रंक वेगळ्या कंपन्यांचे असल्याने ईपीएबीएक्सचं मुख्य क्लॉक कुठल्या ट्रंकवर आहे तेही लिहून ठेवा. जुना काढताना ते नव्यावर हलवायचं राहिलं, तर त्याच दिवशी टकटक सुरू होईल.